स्टेशनाच्या घड्याळाखालचा सौदा

इमामतात्यांना किती वाजले असं कधी विचारायचं नसे. विचारलं की ते सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारत आणि उलट आपल्यालाच विचारत, "कुणाचं वाजल्यालं सांगू?" कारण मनगटापासून कोपरापर्यंत त्यांच्या हातावर बांगड्या भराव्यात तशी घड्याळं भरलेली असत, आणि प्रत्येकात वेगळीच वेळ. "हे पुन्याच्या वकिलाचं, हे मुंबईच्या एका पारशाचं, अन् हे कुन्या गोऱ्या सायबाचं, त्यो विलायतेला गेला तवा लिलावात निगालं." मग दुसरा हात. तात्या बोळातून निघाले की अशी टिकटिक यायची की गल्लीतली कुत्री भुंकायची सोडून कान टवकारून बसत. एकदा तर बाजारात म्हातारीकोतारी पदर डोक्यावर घेऊन पळाली होती, मधमाश्यांचं मोहोळ उठलं म्हणून. खोटं वाटत असेल तर बारामतीत त्या वेळचं कुणी जिवंत असेल त्याला विचारा. नसेल, तर मग माझ्यावरच विश्वास ठेवावा लागेल.

ही गोष्ट तीसच्या पुढच्या सालांतली. नीरेच्या कालव्यानं बारामतीकडे ऊस आला होता, उसानं गूळ आणला होता आणि गुळानं नाना तऱ्हेची हौस. तोवर खिशातल्या साखळीच्या घड्याळावर भागत असे. आता मनगटी हवं झालं, तेही सोन्याचं, स्विस. पेठेत एक नवं दुकान निघालं. काचेची कपाटं, मखमलीच्या डब्या, वर गॅरंटीचा छापील कागद. तिथं घड्याळ घेणारा माणूस आठ दिवस कोपर वाकवूनच चालायचा.

तात्यांना ना दुकान, ना पाटी. पुण्यामुंबईच्या लिलावांतून, गहाण सुटलं नाही अशा मालातून ते घड्याळं उचलायचे आणि बारामती-इंदापूरचे बाजार करायचे. काचेच्या कपाटाचा मालक त्यांच्या मालाला उघड चोरीचा म्हणायचा. तात्या चिडत नसत. "त्येंच्याकडं कागद बोलतो. माज्याकडं मीच बोलतो," एवढंच म्हणायचे. आणि खरंच, घड्याळ दाखवताना पहिलं वाक्य ठरलेलं : "हे वापरल्यालं हाय. नवं न्हाय." गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच. मग त्या घड्याळाचं सगळं दुखणंखुपणं सांगत. कुठं काचेला चरा आहे, कुठलं थंडीत सुस्तावतं. लग्नाच्या मुलीबद्दल कुणी इतकं खरं सांगितलं असतं तर महाराष्ट्रात एकही लग्न जमलं नसतं.

त्यांची एक रीत मात्र न्यारी होती. घड्याळ विकत आणलं की ते त्याच्या काट्यांना हात लावत नसत. रोज सकाळी सगळ्यांना चावी देत, पण आधीच्या मालकानं जी वेळ लावली असेल तीच चालू ठेवत. "दुसऱ्याचा टाइम हाय. मी कोन मोडनार?" सौदा ठरला की ते गिऱ्हाइकाला घेऊन थेट बारामतीच्या स्टेशनात यायचे, फलाटावरच्या मोठ्या घड्याळाखाली उभं करायचे आणि सांगायचे, "आता तुमच्या हातानं काटं फिरवा. आजपातुर दुसऱ्याचं हुतं, आता तुमचं." गिऱ्हाइकानं काटे जुळवले की सौदा पुरा. त्याआधी नाही. मी त्या वेळी गुळाच्या अडतीवर कामाला होतो. ढेपा गाडीत चढवायला रोज स्टेशनात असायचो, त्यामुळे असले किती सौदे पाहिले याची गणती नाही. रडणारे बाप्ये पाहिलेत मी त्या घड्याळाखाली. निव्वळ काटे फिरवताना!

शेळगावचे रंगराव पाटील आले तो दिवस चांगला आठवतो. पाटलांच्या लेकीचं, हौसाचं लग्न बारामतीच्या एका बड्या बागाइतदाराकडे ठरत होतं. त्या घरात बाप-लेक दोघांच्या मनगटावर काचेच्या कपाटातली कोरी सोन्याची घड्याळं. बैठकीत व्याह्यांनी तीनदा बाही वर केली आणि पाटील घायाळ होऊन घरी आले. त्यांनाही सोन्याचंच हवं होतं, पण कोरं परवडण्याजोगं नव्हतं. तात्यांनी त्यांना त्या पारशाचं दिलं. घड्याळ म्हणजे काय सांगू, उन्हात धरलं तर फलाटावरचा हमाल डोळ्यांवर हात घ्यायचा.

"लावा काटं," तात्या म्हणाले.

पाटलांनी एकदा स्टेशनाच्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा मनगटाकडे. मनगटावरचं चांगलं चाळीसेक मिनिटं मागं होतं. त्या काळी मुंबई शहराची वेळ निराळी चालायची आणि रेल्वेची निराळी, मुंबईची तेवढीच मिनिटं मागं. बाकी मुलखाचं सगळं रेल्वेच्या वेळेवर. तात्यांनी हे समजावून सांगितलं. पाटील ऐकून घेऊन मोठ्यानं हसले.

"आरं तात्या, मुंबईतनं आल्यालं घड्याळ हे. त्येला ह्या टिनपाट ठेसनानं टाइम शिकवायचा व्हय? हाय त्येच बराबर हाय."

"पाटील, मुंबईचं हाय, पर नांदायचं हाय शेळगावात."

"न्हाय म्हंजी न्हाय. हात लावायचा न्हाय कुनी."

पाटील तसेच गेले. तात्या त्या पाठमोऱ्या फेट्याकडे बघत मला म्हणाले, "घड्याळ गेलं. सौदा हितंच हुबा हाय बग."

पुढं पाटलांच्या गाड्या चुकू लागल्या. दौंडची गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत सुटायची आणि ते फलाटावर उभं राहून गार्डाला बोल लावायचे, "आगाव सोडतुय भाड्या!" घड्याळावर संशय घ्यायची त्यांची छाती झाली नाही. सोन्यावर संशय घ्यायचा म्हणजे काय खायचं काम आहे?

आणि मग लग्न आलं. मांडव शेळगावात. तात्यांना आवतण होतं, आणि गुळाच्या नात्यानं मलाही. भटजींनी मुहूर्तासाठी पाण्याचं घंगाळ मांडून त्यात घटका मोजायची भोकाची वाटी सोडायची तयारी केली, तर पाटलांनी ती उचलून ठेवायला लावली. "आता कशाला हे? हे काय हाय मनगटावर!" झालं. घरातलं सगळं त्या मनगटावर चालू लागलं. वऱ्हाड वाजतगाजत मांडवात शिरलं, व्याही घड्याळ बघून म्हणाले, "चला, मुहूर्त आला," आणि आत पाहतात तर हौसाच्या अंगावरची हळदसुद्धा अजून ओली! आचारी चूल फुंकतोय. भटजी पान खातायत.

"आजून लई टाइम हाय," पाटील बाही वर करून म्हणाले.

"कुटला टाइम?" व्याह्यांनीही बाही वर केली. दोन सोन्याची मनगटं एकमेकांसमोर आली, आणि अख्खा मांडव त्या दोन घड्याळांवर वाकला. व्याह्यांचं नवं, गॅरंटीचं. त्यांचा मुलगाही पुढं झाला, त्याच्याही घड्याळात तीच वेळ.

व्याही म्हणाले, "बाजारात फिरत्याकडनं घेतल्यालं हाय न्हवं हे? मुहूर्त टळला आमचा. घड्याळ हे असलं, तर पोरगी तरी धड दावलीया का न्हाय कुनास ठावं!"

हे शेवटचं वाक्य आत बायकांत, हौसापर्यंत पोचलं. व्याह्यांनी गाड्या जुंपायला सांगितल्या. बैल सोडलेलेच नव्हते काहींचे. पाटलांनी तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार होते? मी घड्याळ लावलंच नाही, तात्यांनी बजावलं तरी लावलं नाही, हे एवढ्या पंचक्रोशीसमोर? त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही. एवढा आडदांड गडी, फेट्यातल्या फेट्यात लहान झाला होता.

मी उठणार होतो. फलाटावर मी होतो, सगळं ऐकलं होतं. पण शेजारी बसलेल्या तात्यांनी माझ्या मांडीवर असा हात दाबला की आजही पाऊस आला की तिथं ठणकतं. आणि ते स्वतः उठले.

त्यांनी पाटलांच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं, कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यात खोट हाय. मागं पडतंय हे. मला ठावं हुतं, इकताना मी बोललो न्हाय."

"म्हंजी फसवलंस?" व्याही ओरडले.

"व्हय. फसवलं पाटलास्नी. त्येंची काय बी चूक न्हाय. पोरीची तर न्हायच न्हाय."

ज्या माणसाचं सगळं दुकान त्याच्या जिभेवर होतं, त्यानं ते भर मांडवात स्वतःच्या हातानं मोडलं. त्यानंतर जे झालं त्याला काय म्हणावं? दोन्ही व्याही एक झाले. एकानं शिवी सुरू करावी, दुसऱ्यानं पुरी करावी, अशी दिलजमाई मी जन्मात पाहिली नाही. जरा उशिरानं का होईना, पाटलांनाही आवाज फुटला, आणि त्यांचाच सगळ्यांत मोठा होता. तेवढ्यात भटजींनी पंचांग चाळून पहिल्या मुहूर्तानंतर चाळीसेक मिनिटांचा दुसरा बरा मुहूर्त काढला. अक्षता पडल्या तेव्हा तात्यांच्या खिशातल्या त्या खोटाळ घड्याळात पत्रिकेत छापलेलीच वेळ वाजत असणार. पण ते बघायला तात्या तिथं नव्हते. जेवायला न थांबता ते इंदापूरच्या रस्त्याला लागले होते.

पुढच्या बाजारी त्यांनी घड्याळ रेल्वेच्या वेळेवर लावून पाटलांकडे निमूट पोचतं केलं, दुरुस्त झालं म्हणून. पण तात्यांचा बाजार बसला. काचेच्या कपाटवाल्यानं हा किस्सा असा पसरवला की सोलापूरपर्यंत गेला असेल. लोक तात्यांच्या हातांवरची घड्याळं बघायला जमायचे, घ्यायचं कुणी नाही. मी चिडून म्हणायचो, "तात्या, मी सांगतो ना लोकांना!" तर म्हणायचे, "मग पाटील तवा का बोललं न्हाईत, ते बी सांगावं लागंल. त्येंची ल्येक अजून नवी हाय त्या घरात." आता तात्याही नाहीत, पाटीलही नाहीत, हौसाची नातवंडं कामाला लागली, म्हणून लिहितो आहे.

दिवाळीनंतरच्या इंदापूरच्या बाजारात गंमत झाली. पाटलांचे जावई हौसाला घेऊन तात्यांसमोर येऊन उभे राहिले. मनगट मोकळं होतं. काचेच्या कपाटातलं ते घड्याळ गॅरंटीचा कागद असूनही बंद पडलं होतं.

"तात्या, एक चांगलं द्या."

तात्यांनी बाही वर केली. "वापरल्यालं हाय. नवं न्हाय."

"ठावं हाय. अन् सासऱ्यांच्या घड्याळाला बी काय झालं न्हवतं, ते बी ठावं हाय. हिला माहेरी कळलं, हिनं समदं सांगितलंय मला." जावई मोठ्यानं बोलत होते, लोक वळून बघू लागले होते. "मी आज बाजारात उभं ऱ्हाऊन सांगनार हाय, तात्यांनी कुनाला..."

तात्यांनी झटकन त्यांचा दंड धरला. "हळू जावयबापू, हळू!" ते कुजबुजले. "सासरं तुमचं पल्याड कांदं घिऊन बसल्यात."

मग सरळ होऊन, त्या कांद्याच्या ढिगापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "नीट पारखून घ्या मालक! तुमच्या सासऱ्यांस्नी फसवल्याला मानूस हाय मी!"