पावणेसोळा सूत

मुकुटबनहून निघालो तेव्हा वडील बैलगाडीच्या चाकात आरे बसवत होते. निरोपासाठी ते उठले नाहीत. आरा ठोकता ठोकता एवढेच म्हणाले, "जाय. गावात एका सुताराचं काम हाये, अन् आपण घरात तिघं." थोरल्या भावाने वणीच्या स्टेशनापर्यंत सोडले. तेव्हा ते बोलणे मला कोरडे वाटले. जे गावी राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या सर्वांना आज सांगतो, ते खरे होते. परतायला जागा नव्हती.

नागपुरात एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. घरचे माप सुताचे. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. जोड पाव सूत सैल राहिला तर वडील पाचर मारत आणि चाक वर्षानुवर्षे चाले. येथे माप थाऊचे, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचे. एका सुतात असे सव्वाशे थाऊ. त्याची सवय होते न होते तोच मेट्रिक माप आले. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये येऊ लागली, मापायचे मायक्रोमीटर मात्र इंचांचेच राहिले.

अशात टर्नरची, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणाऱ्याची, एक कायम जागा निघाली. इच्छुक आम्ही तिघे हेल्पर. वर्कशॉपच्या उस्तादांनी प्रत्येकाला बिडाचा तुकडा दिला आणि पन्नास मिलिमीटरच्या शाफ्टवर बसेल असा बुश, म्हणजे आरपार भोकाची नळी, करायला सांगितले. कोणी आधीच बसवून पाहू नये म्हणून शाफ्ट त्यांनी कपाटात ठेवला. ज्याचा बुश बसणार नाही त्याने घरचा रस्ता धरावा, असेही बजावले.

दोघांनी पन्नास म्हणजे दोन इंच धरले. सारे वर्कशॉप तसेच धरत असे. एका इंचात पंचवीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटर, म्हणून मी फरशीवर खडूने पन्नासला त्याने भागायला घेतले, तेव्हा त्या दोघांतला दिगंबर हसला. "अबे सुतारा, तुह्या हिशोबात सुटी होऊन जाईन. दोन इंच पकड अन् मोकळा हो."

उत्तर दोन इंचांपेक्षा साडेएकतीस थाऊ कमी आले. जवळपास पाव सूत. लाकडात एवढी फट पाचर भरून काढते. बिडात मोठे झालेले भोक लहान होत नाही. शेवटचे कट मी एकेका थाऊने घेतले.

उस्तादांनी शाफ्ट काढला. त्या दोघांच्या बुशांत तो खुळखुळला. माझ्या बुशात तळव्याच्या दाबाने सरकत गेला. पलीकडून दिवा धरला. उजेड आला नाही. "सुतार, कल से लेथ तेरी," उस्ताद म्हणाले.

पुढे वडील नागपूरला आले. पन्नास मिलिमीटर म्हणजे किती, त्यांनी विचारले.

"पावणेसोळा सूत."

"मंग तसं सांग ना. पन्नास पन्नास काहून करून राह्यला?" मग थाऊ समजावून घेतला आणि म्हणाले, "एवढं बारीक पाहते कोन?"

"शाफ्ट पाहतो, बाबा."

त्यांनी मान हलवली. कौतुक केले नाही. गावी परतल्यावर मात्र अख्ख्या बाजाराला माझे ते उत्तर ऐकवले, असे भाऊ सांगतो.

हळूहळू उस्ताद माझे काम मोजेनासे झाले. तुमचे घर कोणते, असे मुले विचारतात. जन्माचे मुकुटबन. पण माझ्या मापावर विसंबून दुसरा माणूस न मोजता पुढचे काम करतो, ते ठिकाणही माझे घरच. ते मला कोणी दिलेले नाही. मी लेथवर घडवले.