आमच्या घरशाळेची तपासणी

चहा घ्या, सांगतो. फक्त मध्ये कोणी बोलायचं नाही. मध्ये बोलण्याचा मक्ता आमच्या घरात माझ्याकडे आहे, आणि त्या मक्त्यापायी गेल्या पावसाळ्यात मी स्वतःची जी शोभा करून घेतली, ती कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत अजून चवीने सांगितली जाते. दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. मी निदान तिखटमीठ कमी लावीन.

तर मी मुळात एका जागी बसणारा माणूस नाही. घरून काम करतो, आर्किटेक्ट लोकांना नकाशे काढून देतो, पण दर दहा मिनिटांनी उठून काहीतरी हलवल्याशिवाय मला चैन पडत नाही. समोरच्याने "अहो, मी काय म्हणतो" एवढं म्हटलं की तो काय म्हणतो ते मला कळलेलं असतं. बहुतेक वेळा चुकीचं, पण कळलेलं असतं! बसल्या बसल्या हात शिवशिवले की मी महापालिकेच्या ॲपवर तक्रारी टाकतो. खड्डा, दिवा, कचरा, भटकी कुत्री. टाकतो आणि विसरतो. माझी बायको अनुजा म्हणते, लोक नखं खातात, तू तक्रारी करतोस.

आता असा मी, आणि आमच्या सात वर्षांच्या मल्हारच्या बाई पालकसभेत मला म्हणाल्या की मुलगा हुशार आहे, पण वर्गात फार चुळबुळ करतो. चुळबुळ हा काय गुन्हा आहे? खाण तशी माती! मला ते स्वतःलाच लागलं. बाईंचं पुढचं वाक्य बहुधा काही उपायाचं होतं, पण तोवर मी उठून दारापर्यंत पोचलो होतो. महिन्याभरात मल्हार आणि त्याची दहा वर्षांची बहीण सई, दोघंही घरी.

इंटरनेटवर एक परदेशी अभ्यासक्रम सापडला. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी, संपूर्ण फुकट. दिवस पहिला, दिवस दुसरा असे एकशे ऐंशी दिवसांचे धडे तयार, आईबापांनी रोज फक्त त्या दिवसावर बोट ठेवायचं. मी हरखून गेलो. अनुजा मात्र बँकेत आहे, आणि बँकेतल्या माणसाचा फुकट या शब्दावर विश्वास नसतो. ती म्हणाली, वर्षभर करून बघ. पण यापायी सरकारचा एक जरी कागद घरात आला, तर दुसऱ्या दिवशी शाळेत. ठरलं.

तिच्याहून कठीण तिचे वडील, अप्पा. अप्पांची सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात गेली. माल पास की नापास, एवढंच त्यांनी आयुष्यभर ठरवलं. आमच्याकडे जेवायला बसले तरी पोळी उलटून बघतात. घरशाळेचं कळल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, शाळेवर कोणाचं तरी लक्ष असतं. तुमच्यावर कोणाचं आहे?" मी म्हटलं, माझं. ते हसले नाहीत.

पण खरं सांगतो, मला त्या दिवसांत फार आनंद होत होता. मल्हार जिन्याच्या पायऱ्या चढत-उतरत पाढे म्हणायचा आणि त्याला कोणी बस म्हणायचं नाही. सई तर धडा संपला तरी उठायची नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट अर्ध्यात सोडली नव्हती. त्यामुळे ती मोडायची भीतीही तेवढीच होती.

मग उजाडला दिवस त्रेचाळिसावा. धडा होता, साठलेल्या पाण्यातलं जीवन. काचेच्या एका बरणीत पाणी घ्या, वाळलेलं पान टाका, उघड्यावर ठेवा, रोज निरीक्षण करून वहीत लिहा. सूचना बरीच लांब होती, मी अर्ध्यावरच कामाला लागलो. एकच बरणी कशाला? श्रीखंडाचा डबा, आइस्क्रीमचे डबे, कान तुटलेलं पातेलं, अशी सात भांडी मी बाल्कनीत ओळीने मांडली. एकात पिंपळाचं पान, एकात कढीपत्ता, एकात नुसतंच पाणी. तुलनात्मक अभ्यास! सई रोज वही लिहायची आणि मी रोज खाली सही ठोकायचो.

त्याच सुमारास आमच्या इमारतीत डास फार झाले. माझा संशय पहिल्या मजल्यावरच्या दामले काकूंच्या कुंड्यांवर होता. मी सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता लिहिलं. पुण्यात नाव न घेता लिहिलेलं ज्याचं त्याला बरोबर पोचतं. काकूंनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. त्या तिरमिरीत मी आणखी काय काय केलं, ते मला तेव्हा आठवत नव्हतं.

एका सकाळी मी दूध घेऊन वर येत असताना काकूंनी जिन्यात अबोला सोडला. म्हणाल्या, महापालिकेची बाई फिरतीये, वही घेऊन. घरात शिरून सगळं बघते आणि लिहून घेते. शाळेत न जाणाऱ्या मुलांची नावं घरोघर फिरून लिहून घेतात, हे मी पेपरात वाचलं होतं. मी विचारलं, मुलांचं विचारते का? काकू म्हणाल्या, "मुलांचं तर विचारतेच, कोणाला ताप—" पण मी तोवर दोन-दोन पायऱ्या चढत होतो. मागून "अहो, पुढचं तरी ऐका" असं काहीतरी आलं.

पुढचं काय ऐकायचं? पुढचं मला दिसत होतं. शाळाबाह्य मुलं म्हणून सई आणि मल्हारची नोंद, मग सरकारी कागद, मग अनुजाचा चेहरा, मग अप्पा.

अनुजा कामावर गेली होती. मी अर्ध्या तासात घराची शाळा केली. भिंतीवर वेळापत्रक लावलं, फळ्यावर सुविचार लिहिला, दोघांचे केस विंचरले. मल्हारला जुना गणवेशही चढवला, मग लक्षात आलं की हा तर पुरावाच होईल, म्हणून घाईघाईने उतरवला. सई विचारत होती की नक्की झालंय काय. मी म्हटलं, विचारू नकोस, हुशार दिस.

बेल वाजली. दारात मध्यम वयाच्या एक बाई, गळ्यात ओळखपत्र, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात टॉर्च. म्हणाल्या, "नमस्कार, मी महापालिकेकडून—"

"या, या. आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

बाई दोन पावलं मागे सरकल्या. त्यांना बिचाऱ्यांना साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून बोलायची सवय असणार. आत येऊन त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की पिण्याचं पाणी कुठे साठवता. मी मनात म्हटलं, बरोबर! शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय लागतेच. मी त्यांना फिल्टर दाखवला, पिंप दाखवलं, पेला विसळून ठेवलेला दाखवला. त्यांनी पिंपात टॉर्च मारला. मग बाथरूम बघायचंय म्हणाल्या. स्वच्छतागृह! तेही नियमात असतं. मी दिवा लावून बाजूला उभा राहिलो.

मग त्यांनी वही उघडून विचारलं, घरात माणसं किती. मी म्हटलं, पटावर दोन आहेत, दोघंही आज हजर. बाईंनी वही परत मिटली. "साहेब, मी काय म्हणते—" असं त्यांनी सुरू केलं, पण मी त्यांना वेळापत्रकासमोर नेऊन उभं केलं. मल्हारला इशारा केला. त्याने खोलीभर फिरत सतराचा पाढा म्हटला. बाई ऐकत उभ्या राहिल्या, काय करतील?

सई माझा शर्ट ओढत होती. "बाबा, मला वाटतं ह्या—" मी तिला दटावलं, पाहुण्यांसमोर मध्ये बोलू नये.

बाई म्हणाल्या, बाल्कनी बघायचीये. आता मात्र माझी छाती फुगली. मी दार उघडलं आणि म्हटलं, "ही आमची प्रयोगशाळा."

सात भांडी. बाई वाकल्या. एकेका भांड्यात टॉर्च मारत गेल्या, पहिल्यापासून सातव्यापर्यंत, आणि परत सातव्यापासून पहिल्यापर्यंत. मग हळूच विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम ठेवलंय?"

मी म्हटलं, अर्थात. आज एकविसावा दिवस. पाणीसुद्धा मी रोज वरून घालतो, कमी पडू देत नाही.

बाई आता माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. त्यांनी सईला जवळ बोलावून विचारलं, यात काय वळवळतंय ते सांगशील का. सईने घडाघडा सांगितलं. आधी अंडी, मग अळी, मग कोष. हा प्रकार स्वच्छ पाण्यात होतो, याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि हा दिवसा चावतो. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. "अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "आणि कोषातून काय बाहेर येतं?"

"डास," सई म्हणाली.

मी अभिमानाने हसत होतो. माझ्या कानातून तो शब्द डोक्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला. बाईंनी सईची वही उघडली आणि माझ्यापुढे धरली. सईच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'दिवस नववा. कोषातून डास बाहेर आला. तो बाबांच्या कानाला चावला. बाबा दामले आजींच्या कुंड्यांना बोलले.' आणि खाली माझी झोकदार सही.

"आता मी बोलू का?" बाई म्हणाल्या. "मी आरोग्य खात्यातली. डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरते. लोक दडवून ठेवतात हो. पंगत मांडून वाढणारे तुम्ही पहिलेच भेटलात."

मी काकुळतीने विचारलं की शाळेत न जाणाऱ्या मुलांचं काही? त्या म्हणाल्या, ते काम माझ्याकडे नाही. मग त्यांनी सातही भांडी पालथी केली. मल्हारने एक तरी ठेवा म्हणून फार विनवलं. उघड्या दारात दामले काकू येऊन उभ्या होत्याच. त्या शांतपणे म्हणाल्या, "जिन्यात तेच सांगत होते. असो. माझ्या कुंड्या कोरड्या आहेत, सवड झाली की बघून जा."

बाईंनी नोटीस लिहून पुढे केली. म्हणाल्या, इथे सही करा, डासांची पैदास तुमच्या घरात सापडली म्हणून. मी केली. मग त्यांनी दुसरा कागद काढला. आणि इथे, तक्रारदार म्हणून.

मी म्हटलं, तक्रारदार कोण?

"तुम्हीच. या इमारतीत डास झाल्याची तक्रार तुमच्या नावाने आलीये. म्हणून तर मी आले. पैदास सापडली, तक्रार मिटली. करा सही."

केली. दोन्हीकडे एकच नाव, एकच झोकदार सही.

संध्याकाळी नोटीस टेबलावर होती आणि तिच्या चारी बाजूंनी आम्ही. अनुजाने अप्पांना बोलावून घेतलं होतं. अप्पांनी कागद पुढून वाचला, उलटा करून मागून बघितला. मग सईची वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मल्हारला चार गणितं घातली, ती त्याने उभ्या उभ्या सोडवली. शेवटी सईला तो धडा मोठ्याने वाचायला सांगितला, पूर्ण. मी ज्या ओळीवर उठलो होतो, तिच्या पुढची ओळ होती, 'अळ्या दिसताच बरणीचं तोंड जाळीच्या कापडाने घट्ट बांधा.'

मला खरंच रडू येईलसं झालं होतं. शाळा गेली, असंच मी धरून चाललो होतो.

अप्पा म्हणाले, "माल पास. तपासनीस नापास."

मी अनुजाकडे बघितलं. ती म्हणाली, ठरल्याप्रमाणे होईल, सरकारी कागद आला की दुसऱ्या दिवशी शाळेत. पण कागदावर मुलांची नावं कुठे आहेत? "नाव तुझं आहे," ती म्हणाली. "तू जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा खडकीहून बस बदलून हजर झाले आणि माझ्या खुर्चीवर बसले. मी सतरंजीवर, सई आणि मल्हारच्या मध्ये. अप्पांनी चष्मा पुसला.

"आजचा धडा एकच. समोरचा माणूस बोलत असताना आपण—"

"मध्ये बोलायचं नाही," मी म्हटलं.

सईने नवी वही उघडली, एक ओळ लिहिली आणि सहीसाठी माझ्याकडे सरकवली. 'दिवस पहिला. बाबा मध्ये बोलले.'

या वेळी मी पूर्ण वाचून सही केली.