आमची नसलेली डाळमिल

अमेरिकेला निघताना हैदराबादच्या विमानतळावर मी एका अनोळखी गृहस्थांना सांगितलं, की लातूरला आमची डाळमिल आहे. मिल होती, पण आमची नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, तिथं हमाल होते.

ते गृहस्थ मुलाला सोडायला आले होते. "वडील काय करतात?" एवढंच त्यांनी विचारलं. आबा दोन पावलं मागंच होते. माझ्या बॅगेला चाकं होती, तरी त्यांनी ती खांद्यावर घेतली होती. तीस वर्षं पोती वाहिलेल्या माणसाचा चाकांवर भरवसा नसतो. त्यांनी सगळं ऐकलं. पुढं येऊन म्हणाले, "मालक, ब्याग कुठं ठिवू?"

मी बोट दाखवलं. आता त्या गृहस्थांदेखत हमालाच्या पाया कसं पडणार? नमस्कार राहून गेला.

लातूर सोडून गेलेल्या भावंडांनो, अशी मिल काढू नका. काढली की बंद करता येत नाही. माझी तर अमेरिकेत येऊन वाढली. शेजारच्या नॅन्सीबाईंना मी मिलच्या भोंग्याची वेळसुद्धा सांगून ठेवली होती.

मी राहतो ती इमारत मुळात कापडगिरणी. सव्वाशे वर्षांपूर्वी पोलंड-आयर्लंडहून आलेली माणसं इथं उजाडायच्या आत माग चालू करायची आणि कापसाची धूळ छातीत भरून घ्यायची. त्याच जागी मी आता ट्रेडमिलवर धावतो, पोट कमी व्हावं म्हणून. मालकाचा महाल टेकडीवर आहे. त्याचं संग्रहालय झालंय आणि निवृत्त शिक्षिका असलेल्या नॅन्सीबाई तिथं माहिती सांगतात.

गेल्या उन्हाळ्यात आबा आले. मी हौसेनं त्यांना महाल दाखवायला नेलं. झुंबरं, संगमरवरी जिना, सगळं दाखवलं. आबांनी खिडकीतून खाली गिरणीकडं पाहिलं. "वारं हिकडून तिकडं जातंय. धूर खालीच ऱ्हात असंल. आपल्या शेटचा बंगलाबी असाच हाय."

मग ते एका जुन्या फोटोपुढं थांबले. गिरणीसमोर रांगेत उभे कामगार. एकावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो उचलणारा हाय. डावा खांदा बघ, कसा उतरलाय." आबांचा स्वतःचा खांदा तसाच आहे.

मी नॅन्सीबाईंना ते सांगितलं. त्या फोटोजवळ आल्या. "तो माझा पणजोबा. कापसाच्या गाठी वाहायचा. पण मिलमालकांना हे कसं कळलं?"

आबा माझ्याकडं बघत होते. 'मिल' आणि 'ओनर' एवढं इंग्रजी त्यांना येतं.

मी सांगून टाकलं. हे मालक नव्हेत, हमाल होते. मी खोटं बोललो. बाईंनी माझ्याकडं पाहिलंही नाही. त्यांनी आबांच्या उतरलेल्या खांद्यावर हात ठेवला. मी तिथंच, झुंबराखाली, वाकून आबांच्या पाया पडलो. बारा वर्षांचा राहिलेला नमस्कार.

घर कुठं, असं कुणी विचारलं की हल्ली माझ्या डोळ्यापुढं मिलचा मागचा दरवाजा येतो. तिथं ट्रक लागायचे आणि दुपारी आबा पोत्यांच्या थप्पीला टेकून भाकरी सोडायचे. मला बघून थोडं सरकायचे, टेकायला जागा करायचे.

महालाबाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "काय सांगितलंस रे बाईला?"

"मिल आपली न्हाई म्हणून."

"विकलीस व्हय एकदाची? बरं झालं. बारा वर्षं चालवीत होतास, अन् एक पोतं उचलता येत न्हाई तुला."