शेंड्याकडची पानं

आमच्या इमारतीमागे कढीपत्त्याचं झाड आहे. तळमजल्यावरच्या मालतीकाकूंनी ते लावलं, पण फोडणी सगळ्या इमारतीची होते. काकूंचा नियम एकच: खालच्या फांद्या आपल्या, शेंड्याकडच्या अळ्यांच्या. "लिंबू नाहीतर कढीपत्ता, एवढंच खातात बिचाऱ्या. जातील कुठं?"

आज सकाळी मी डहाळी तोडत होते, काकू शेजारीच उभ्या होत्या, तेवढ्यात एका बुलबुलानं आमच्यादेखत गुबगुबीत हिरवी अळी उचलली आणि तो कुंपणावरच्या जाईत शिरला. आतून पिल्लांचा गलका उठला.

"कोश करायच्या बेतात होती गं," काकूंचा चेहरा उतरला. मग जाईकडे बघत म्हणाल्या, "पण त्यांनाही भूक लागणारच."

मला राग आला होता, पण कुणावर काढावा तेच कळेना. अळी पान खाते, बुलबुल अळी खातो, आणि माझ्याही हातात पोह्यांसाठी तोडलेली डहाळी होतीच.

घरी फोडणीत मोहरी तडतडली, तेव्हा त्याच डहाळीवर एक एवढीशी अळी दिसली. मी तशीच खाली धावले, टाचा उंचावून ती अख्खी डहाळी शेंड्याकडच्या फांदीत अडकवली. वर आले तर घरभर धूर.

"काय जळलं?" नवऱ्यानं विचारलं.

म्हटलं, "आपला वाटा."