कर्ण्यावरून वाचलेली वर्गणी

१९९५ साली नवी मुंबईत महापालिकेची पहिली निवडणूक लागली आणि आमच्या कोपरखैरण्यात जो तो नगरसेवक व्हायला निघाला. आमचे शेजारी सयाजी शेडगेही उभे राहिले. माणूस साताऱ्याकडचा, कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहणारा माथाडी. खिशात दमडी नाही, पण बरोबरच्या माथाड्यांच्या टोळीतल्या कुणाचंही काम अंगावर घेणार. लोकच म्हणाले, "सयाजीराव, तुमी उभं ऱ्हावा. वर्गणी आमी काढतो."

वर्गणी निघाली आणि तिथेच माशी शिंकली. सयाजींच्या गावी जत्रेची वर्गणी कर्ण्यावरून नावानिशी वाचतात. घेतलेला पैसा चारचौघांत सांगितला नाही, तर तो खाल्ला असं गाव समजतं. शेवटच्या सभेत सयाजींनी भाषण केलंच नाही. माइक धरून देणाऱ्यांची नावं वाचत बसले. मी खालून खुणा करतोय, हात जोडतोय. पण हा बाबा कसला थांबतोय.

त्या नावांत राजाबाई होती. नवऱ्यामागे बोनकोड्यात एक खोली भाड्याने घेऊन ती माथाड्यांची खाणावळ चालवायची. तिचं नाव सयाजींनी दोनदा घेतलं, कारण तिनेच सांगितलं होतं, "जरा मोठ्यानं घे बाबा." आणि खोली कुणाची? सयाजींच्या विरोधात उभ्या असलेल्या गोटीरामशेठची.

शेठ निवडून आले. त्यांच्या जीपा आणि मटणाच्या पंगती कुणाच्या पैशावर चालल्या, हे कुणी विचारलं नाही. बिल्डर लोक काही कर्ण्यावरून वर्गणी देत नाहीत. अंगावरचा गुलाल धुवायच्या आत शेठनी राजाबाईला निरोप धाडला, "ज्याला वर्गनी दिलीस, त्याचेच घरान जाऊन ऱ्हा."

सयाजी खचले, पण एका आशेवर होते. निवडणुकीचा हिशेब सगळ्या उमेदवारांना कचेरीत द्यायचा होता. "शेठलाबी नावं द्यावी लागतील की," ते मला म्हणाले. "मग कळंल कुणाचा पैसा हाय. तेवढं धरून राजाबाईच्या खोलीचं बोलता येईल."

मी बरोबर गेलो. कारकुनाने हिशेब वाचला आणि तोंड वाकडं केलं. "ही नावं कशाला? खर्च किती झाला तेवढं लिहा. पैसे कुणी दिले, ते आम्ही विचारत नाही."

"मग शेठचा हिशेब?"

"कधीच आला. नियमात बसतोय."

त्याने लाल पेनने सगळी नावं खोडली आणि शिक्का मारला. मला असा संताप आला की टेबल उलथून टाकावं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. ज्यांनी उघड दिलं त्यांना रस्त्यावर काढलं, ज्यांनी लपवून दिलं ते नियमात बसले.

परत येताना बोनकोड्यात थांबलो. राजाबाईची पातेली दाराबाहेर आली होती. सयाजींनी खाली मान घालून सगळं सांगितलं. म्हणाले, "चूक माझी झाली, आक्का. नावं कुणी मागितलीच नव्हती."

ती परातीला सुतळी बांधत होती. "गावच्या जत्रंत वर्गणी मी दिली तरी आजवर आमच्या मालकांचंच नाव घेत्यात. ते गेलं तरीबी. माझं नाव कर्ण्यावर पयल्यांदा येणार, म्हणून दिलं मी." मग हात थांबवून तिने विचारलं, "मग माझंबी खोडलं व्हय?"

"सगळ्यांचंच," सयाजी म्हणाले.

"खोली गेली ती गेली," राजाबाई म्हणाली. "नाव कशाला खोडू दिलंस?"