माझ्या घरची जर्मन रेकॉर्ड

इथे आखातात, हमरियात, आम्हा वसईकर कॅथलिक लोकांचा एक शिरस्ता आहे. शुक्रवारच्या चर्चमधल्या मिस्सानंतर पाळीपाळीने एकाच्या घरी सगळ्यांनी जेवायचं, आणि ज्याच्या घरी जेवण त्याची गाणी. माझी पाळी आली की मात्र हा नियम गुपचूप मोडायचा. आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे, ज्यांना आम्ही अंकल म्हणतो, ते स्वतःचा स्पीकर घेऊन यायचे आणि आल्या आल्या आपली लग्नाची गाणी लावायचे. का? तर मी एकटी. नवरा नाही, पोरं नाहीत. एकट्या बाईचं घर ते कसलं घर! मटण मात्र माझ्या हातचं बोटं चाटून खायचे.

मी गाला भागातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात कामाला आहे. खाली दिवसभर कॉम्प्रेसर तपासतात. धडधड, घरघर, डोकं उठतं नुसतं. तिथला एक जर्मन इंजिनिअर कायमचा मायदेशी जाताना सामान वाटत होता. कुणी मिक्सर उचलला, कुणी इस्त्री. माझ्या वाट्याला रेकॉर्ड प्लेअर आला आणि त्यावर एक रेकॉर्ड. कुठल्याशा जर्मन पोरांची, त्यांची पहिलीच. गाणं नाही, ठेका नाही. यंत्रांची गुणगुण वाढत जाते आणि मध्येच पत्र्यावर काहीतरी आपटतं. पहिल्यांदा ऐकली तेव्हा म्हटलं, मेल्यांनी हे काय करून ठेवलंय! पण हळूहळू वेडच लागलं मला तिचं. ज्या आवाजाला मी रोज शिव्या घालते, तो कुणीतरी बसून नीट ऐकला होता. आणि पहिल्याच रेकॉर्डला ती पोरं कुणाची मर्जी राखायच्या भानगडीत पडली नव्हती. मला ते फार आवडलं.

पुढच्या पाळीला अंकलचा स्पीकर पिशवीतून निघायच्या आत मी रेकॉर्डवर सुई ठेवली.

घूंऽऽ सुरू झालं आणि पुरुषमंडळी ताडकन उठली. सगळे एसीच्या कामातले. एकाने एसीला कान लावला, दुसरा बाल्कनीत बाहेरचं युनिट बघायला धावला. "बेअरिंग गेलं, खलास!" म्हणत अंकलनी मेन स्विचच बंद केला. रेकॉर्डही कण्हत थांबली.

"बघा, एसीच होता ना?" अंकल म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"एसी नाही, माझी रेकॉर्ड आहे ती," मी म्हटलं. "स्विच चालू करा."

हसून हसून लोळले सगळे. "अगं बाय, हे गाणं?" अंकलची बायको म्हणाली. "डोकं फिरलंय तुझं!"

"फिरलं तर फिरलं. घर माझं आहे."

मग कुणी हसेना. भराभर जेवले आणि हात धुऊन लगेच निघाले. मला संताप आला, रडूही आलं. भांडी घासताना दुसरी बाजू लावली, मोठ्याने.

पुन्हा पाळी आली तेव्हा आदल्या दिवशी आंटीचा, म्हणजे अंकलच्या बायकोचा फोन. "यावेळी आमच्याकडेच करू या. तू लवकर ये, कांदे चिरायला बरं पडेल."

"आंटी, कांदे मी माझ्याच घरी चिरणार. पाळी माझी, जेवण माझं, गाणी माझी. ज्याला यायचं त्याने यावं."

फोन ठेवला. या परक्या मुलखात मला दुसरं आहे कोण? ताप आला तर पेज घेऊन हेच लोक येतात. तरी शुक्रवारी पातेलंभर मटण शिजवलं, मैद्याचे फुगे तळले आणि वाट बघत बसले. जेवायची वेळ टळली, कुणी नाही. म्हटलं, नाही आले तर उडत गेले. एकटी बसून खाईन, पण माघार घेणार नाही.

बेल वाजली. दारात सगळे घामाघूम उभे. पुढे अंकल, काखेत स्पीकर.

"या," मी म्हटलं. "स्पीकर तिथे चपलांजवळ ठेवा."

अंकलनी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दारातून हलले नाही. शेवटी ते वाकले आणि त्यांनी स्पीकर चपलांच्या रांगेत ठेवला. तेव्हा मी बाजूला झाले.