अण्णांची नारकंड्यातली बायको

या सदरात लोक जे भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी रविवारी चहाबरोबर वाचतो आणि बायकोला वाचून दाखवून हसतो. वडाखालची बाई, मागे वळून न बघता पळालेला मित्र वगैरे. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट रिजेक्ट झाला की तो का झाला हे कळेपर्यंत मला जेवण जात नाही, आणि कारण सापडतंच. भूतबाधेने रिजेक्ट झालेला पार्ट मी अजून बघितलेला नाही. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय याचं मेघनाला, म्हणजे माझ्या बायकोला, फार हसू येतंय. खरं तर तिने हसू नये… गोष्ट तिच्याच आईवडिलांची आहे.

माझे सासू-सासरे चिखलीत राहतात. सासरे, म्हणजे अण्णा, भोसरीतल्या पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमधून रिटायर झाले. माणूस इतका सरळ की रिक्षावाल्याने भलत्याच रस्त्याने नेलं तरी 'असेल त्याचं तिकडं काही काम' म्हणून गप्प बसतील. सासूबाई, आई, मूळच्या खेडकडच्या. बोलणं रोखठोक. आणि आई हसत नाहीत. रागीट आहेत असं नाही, पण हसत नाहीत. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळे खिदळतायत आणि मधोमध आई, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारख्या.

दोघं कधी कुठे फिरायला गेले नव्हते. अण्णांची नोकरीतली प्रत्येक सुट्टी कुणाच्या तरी लग्नात, बाराव्यात नाहीतर ओव्हरटाइममध्ये गेली. म्हणून दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मेघनाने ठरवलं — यांना बर्फ दाखवायचा. तिला स्वतःला स्कीइंग शिकायचं होतं ही गोष्ट वेगळी. मनालीला अर्धं पुणे भेटतं, म्हणून आम्ही शिमल्याच्या पुढे नारकंड्याला गेलो. लहानसं गाव. हायवेच्या दोन्ही बाजूंना दुकानं, वरच्या अंगाला बर्फाचा उतार, त्यावर पायांना फळ्या बांधून घसरणारी माणसं. आई बाहेरचं खात नाहीत, म्हणून हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला होता. आईंनी चिखलीहून गोडा मसाला, शेंगदाण्याचं कूट, लसणाची चटणी सगळं बांधून घेतलं होतं. फक्त ज्वारीच्या पिठाचा डबा ओट्यावरच राहिला. हे चंदिगडला उतरल्यावर लक्षात आलं. तिथून पुढचा सगळा घाट आई एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अण्णा किराणा आणायला निघालो. अण्णांनी पिंपरी कॅम्पातून घेतलेली माकडटोपी आणि जाडजूड हातमोजे चढवले होते. बाजाराच्या वळणावर एक मोठं दुकान दिसलं. राजम्याची पोती, सफरचंदांची खोकी, मध्यभागी लाकडं जळणारी शेगडी. मालक साठीचा, गोल चेहऱ्याचा, नेगी नावाचा. आत ऊब होती म्हणून अण्णांनी टोपी वर केली, तसा तो काउंटरमागून बाहेरच आला.

"आ गए अंकलजी! इस बार बड़ी देर कर दी."

अण्णा कुणाला नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले, "हां जी."

मला वाटलं, धंद्याची पद्धत असेल. आपल्याकडे नाही का, साडीच्या दुकानात शिरलं की 'या ताई, बऱ्याच दिवसांनी!' पण मग नेगीने काउंटरखालून एक पिशवी काढून पुढे ठेवली. तुमच्यासाठी मागवून ठेवलंय म्हणाला, इथे हे कोणी खात नाही, खालून आणावं लागतं.

पिशवीत ज्वारीचं पीठ होतं.

आम्ही अजून काय हवंय ते सांगितलंही नव्हतं.

मी विचारलं की अहो, तुम्ही यांना ओळखता? तो म्हणाला, म्हणजे काय! दर हिवाळ्याला येतात, वरच्या अंगाला घर घेतात, पुण्याकडचे अंकल-आंटी. आणि मग आंटीजींबद्दल जे सुरू झाला… आंटीजी टोमॅटो एकेक दाबून घेतात, हिंग हुंगून घेतात, वांग्याची देठं तोडून मगच वजन करू देतात. पँट घालून बर्फावर घसरगुंडी खेळतात. आणि हसतात किती! हसल्या की म्हणे वरच्या वळणापर्यंत ऐकू येतं. "इस बार नहीं लाए क्या?"

अण्णा म्हणाले, "लाया है. घर में है." पोहे, मटार, आलं, कोथिंबीर घेतली, पैसे मी दिले आणि आम्ही निघालो. वाटेत अण्णा एवढंच म्हणाले, "चांगला मानूस हाय. पन कायतरी घोटाळा झालाय त्याचा."

घरी आईंनी पीठ बघितलं आणि विचारलं हे इथे कुठे मिळालं. अण्णा मोकळ्या मनाचे. जेवता जेवता त्यांनी सगळं सांगून टाकलं. पँटसकट. हसण्यासकट. मी टेबलाखालून त्यांना पाय लावत होतो, ते 'सॉरी, सॉरी' म्हणून पाय मागे घेत होते आणि पुढे सांगत होते.

आईंनी भाकरी थापायची थांबवली. "हसती?" त्यांनी विचारलं. "आन् पँट घालती?"

त्यानंतर त्या अण्णांशी बोलायच्या बंद झाल्या.

सुरुवातीला आम्हाला गंमत वाटली. संध्याकाळपर्यंत वाटेना. आई खिडकीशी बसून हिशोब जुळवत होत्या. अण्णांना एकदा कंपनीने नव्या मशीनच्या ट्रेनिंगला फरीदाबादला धाडलं होतं, ते निघालं. थर्ड शिफ्ट निघाली — थर्ड शिफ्टला जातो म्हणून हा माणूस खरंच कुठे जायचा कुणी बघितलंय? मी म्हटलं, आई, चिखलीहून निघून नारकंड्याला संसार करून सकाळी परत चिखलीत, हे विमानानेसुद्धा बसत नाही. त्या म्हणाल्या, "पाव्हणं, तुमी पुरुषांच्याच बाजूनं बोलनार." दुसऱ्या दिवशी त्यांनी मेघनाला सांगितलं की परत गेल्यावर मी तुझ्याकडे राहीन, चिखलीत जाणार नाही. आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणूनच मेघना घाबरली.

तिने मला कामाला लावलं. तू विचार अण्णांना, म्हणाली. जावयाने सासऱ्याला विचारायचं की तुमची दुसरीकडे बायको आहे का! कंपनीत कस्टमरच्या ऑडिटला मला इतका घाम फुटला नव्हता. उताराशेजारच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, समोर मेघना फळ्या बांधून पडत होती. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही पूर्वी कधी इकडे… म्हणजे कामानिमित्त वगैरे…"

अण्णांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "पाव्हणं, एका संसारात माझी अशी तारांबळ उडाली. दुसरा कवा करू? ओव्हरटाइमला?"

माझा विश्वास बसला. मी ठरवलं, कारण साधं आहे. कुणीतरी महाराष्ट्रीय जोडपं दर वर्षी येत असणार, म्हातारा अण्णांसारखा दिसत असणार, दुकानदाराचा चष्मा जुना. ज्वारीचं पीठही त्यात बसत होतं. केस क्लोज. मग मी आईंना म्हटलं, तुम्हीच चला दुकानात आणि त्यालाच तोंडावर विचारा. मला हे सुचलं याचा त्या वेळी अभिमान वाटला होता.

आम्ही चौघं गेलो. आई पुढे, जरीकाठाची साडी, वर मेघनाचं जाकीट, पायात बूट. चालण्यावरून कळत होतं की नेगीचं आज काही खरं नाही.

नेगीने वर बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. "आइए आंटीजी! आज साड़ी में?"

आई दारातच थांबल्या.

तो बोलतच होता. बारीक झालात, म्हणाला. तब्येत बरी नाही का? टोमॅटो आजच आलेत, दाबून बघा. आई काही बोलेनात तेव्हा त्याने काळजीने अण्णांना विचारलं की आंटीजी आज इतक्या गप्प का, भांडण झालंय का? मला मागे मेघनाचा दबका आवाज ऐकू आला. ती हसत होती की रडत होती, कळलं नाही. तेवढ्यात नेगीने तिला बघितलं.

"अरे, ये तो मेघना है ना? फोटो में देखी है. कनाडा से कब आई?"

मेघना कॅनडात कधीच नव्हती. शिकायला जायचं तिच्या मनात होतं, ऍडमिशनसुद्धा झाली होती, पण मग काही कारणांनी राहिलं. मी पुढे झालो आणि म्हटलं की मी जावई. नेगीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अच्छा… शादी हो गई इसकी?" त्याच्या आवाजात आनंद नव्हता हे मी नमूद करतो.

आईंचा चेहरा मात्र सैल पडत चालला होता. ती हसणारी, पँट घालणारी बया म्हणजे आपणच, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी एक टोमॅटो उचलला, दाबला, परत ठेवला, दुसरा घेतला. नेगी खूश झाला. आता सगळं मिटलं असं मला वाटलं, आणि अण्णांनी पाकीट काढायला हातमोजे उतरवले.

अण्णांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. मेघना शाळेतही जात नव्हती तेव्हा ती प्रेस मशीनमध्ये तुटली. आम्हाला इतकी सवय आहे की कुणाचं लक्षही जात नाही. नेगीचं गेलं. त्याने अण्णांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"अंकलजी, ये कब हुआ?"

अण्णा म्हणाले, बहुत साल हुआ, मशीन में. नेगी मान हलवत राहिला. नाही, म्हणाला. मागच्या हिवाळ्यात इथेच बसून याच हाताने आपण मला अक्रोड फोडून दिलेत. पाची बोटं होती. मी बघितलीत. मग त्याने अण्णांच्या तोंडाकडे बघितलं, आईंकडे बघितलं, आणि हात हळूच सोडून तो एक पाऊल मागे सरकला. त्याला आमची भीती वाटली होती. आम्हाला! किराणा घेऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा त्याने नेहमीसारखं 'फिर आइए' म्हटलं नाही.

घरी आल्यावर आईंनी त्या पिठाच्या भाकऱ्या केल्या, अण्णांचं ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर बसल्या. दोन दिवसांनी त्या पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या. "थंडीनं हात दुखतो का?"

"थोडा," अण्णा म्हणाले. "जी न्हाईत ती बोटं जास्त दुखत्यात."

आईंनी तेल कोमट करून आणलं. मी आणि मेघना उगाच भांडी घासायला आत गेलो. आतून ऐकू येत होतं… आई म्हणत होत्या की तिला मेलीला दर वर्षी आणता, मला एकदा महाबळेश्वर दाखवलं न्हाई. अण्णा समजावत होते की अगं ती तूच हायेस. "मग मला कसं आठवंना?" आई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गुडघे धरलेत असं कारण सांगून आईंनी मेघनाची ट्रॅक पँट मागून घेतली. साडीच्या आतून घातली, पण घातली. मग घसरगुंडीच्या लाकडी गाडीत बसल्या. खाली येताना हसल्या असं अण्णा म्हणतात. मी व्हिडिओ काढला आहे, त्यात वाऱ्याचाच आवाज आहे.

परतल्यावर मी बरंच डोकं लावलं. नेगीने कुणाकडून तरी माहिती काढली असेल, तर कुणाकडून आणि कशासाठी? अर्धा किलो मटारासाठी? फ्लॅटवाल्याला विचारलं, असं जोडपं त्याला माहीत नव्हतं. मेघनाचं नि माझं भांडण झालं की ती आता शांतपणे सांगते, "तिकडे मी कॅनडात आहे." यावर नवऱ्याने काय बोलावं हे कुणाला माहीत असेल तर कळवा.

आता या जानेवारीतलं सांगतो आणि थांबतो. रविवारी दुपारी आम्ही चिखलीला होतो. अण्णा सोफ्यावर मेथी निवडत होते, आई शेजारी. मला सफरचंदांची पेटी मागवायची होती, आणि खरं सांगायचं तर धीरही आला होता, म्हणून बिलावरच्या नंबरवर नेगीला फोन लावला. स्पीकरवर. मी पुण्याकडचा अमुक, एवढंच सांगितलं. तो खुशीत होता. म्हणाला, अरे, तुमच्याकडचे अंकल-आंटी आत्ता सामान घेऊन दुकानातून बाहेर पडले. अंकलजींचा हात अगदी ठणठणीत आहे. मागे कोणीतरी दुसरेच येऊन गेले होते, मी उगाच घाबरलो.

माझ्या समोर अण्णांच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली.

मी कसंबसं विचारलं, दिसतायत का अजून?

"हां हां, मोड़ पे ही हैं. बुलाऊं? बात करोगे?"

आणि त्या फोनमधून, लांबून, कुणीतरी बाई मोकळ्या गळ्याने हसल्याचा आवाज आला. तो आवाज मेघनाला ओळखू आला. आईचं तसं हसणं तिने लहानपणी एकदाच ऐकलं होतं म्हणते. तिने माझं मनगट धरलं. नेगी 'अंकलजी' अशी हाक मारायच्या बेतात होता, तेवढ्यात आईंनी हात लांब करून फोन बंद केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "फिरत्यात तर फिरू द्या की त्यांना. आपन बोलावलं की आली म्हातारी मेथी निवडायला."

यातलं मला काहीही समजलेलं नाही. नंबर अजून फोनमध्ये आहे. सफरचंदं आम्ही पिंपरीतूनच आणतो.